आग्रा रोडची फियाट

सायनपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंतच्या आग्रा रोडच्या कडेने एके काळी कारखाने होते, आणि कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंडमधल्या आमच्या पिढीचा दिवस त्यांच्या भोंग्यांवर उजाडायचा. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स. भांडुपला टायर बनवणारी सिएट, रंग बनवणारी एशियन पेंट्स आणि लॅम्ब्रेटा स्कूटर जोडणारी एपीआय. गाडी कुर्ल्याची, टायर भांडुपचे आणि ती पुसणारी, ढकलणारी, तिच्यात दाटीवाटीने बसणारी माणसं घाटकोपरची, असं तेव्हा सहज जमून यायचं. आमच्या घरची फियाट अशी होती. ती आता पुन्हा चालू झाली आहे, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

प्रीमियर ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची कंपनी, १९४४ साली उभी राहिलेली. सुरुवातीला कुर्ल्यात डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी गाड्या जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकात रस्त्यावर आलेल्या गोलमटोल फियाटला लोकांनी लाडाने ‘डुक्कर फियाट’ केलं. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीची प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाक, खिडकीला वळणारी त्रिकोणी काच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती येईपर्यंत आपल्याकडे घरगुती गाडी म्हणजे बहुतेकांसाठी फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसेडर, एवढीच निवड होती.

नवी गाडी नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आमच्याकडे तेवढे पैसेही नव्हते आणि तेवढा धीरही. म्हणून सत्तरचं दशक संपता संपता बाबा आणि दोन्ही काकांनी मिळून एक सेकंडहँड पद्मिनी घेतली. एकाने ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं, एकाने दिवाळीचा बोनस घातला, एकाने साठवलेली शिल्लक मोडली. आरसी पुस्तकावर थोरल्या काकांचं नाव आलं, पण किल्ली आजीच्या देवघराजवळच्या खिळ्याला लटकायची. गाडी कोणा एकाची नाही, हे आम्हा पोरांना त्या खिळ्यावरूनच कळलं होतं.

आजच्या माणसाला त्या गाडीत माणसं कशी मावायची हे सांगून पटत नाही. गिअर वर स्टिअरिंगला असल्यामुळे पुढच्या बाकावर चालवणाऱ्याशेजारी दोघं आरामात बसत, आणि मधल्या जागेसाठी आम्हा भावंडांत भांडणं होत. मागे आजी खिडकीशी, तिच्याकडे पितळी डबा. मग आई, काकू, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक. टपावरच्या कॅरिअरवर वळकट्या आणि ट्रंका, त्यावर ताडपत्री, त्यावर सुंभाची दोरी. ती दोरी धाकट्या काकांखेरीज कोणी बांधायची नाही, कारण त्यांची गाठ कशेडी घाट उतरल्यावरही तशीच असायची.

१९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला होता, त्यामुळे घाटकोपरहून पनवेल जवळ आलं होतं. पुढे कर्नाळा, पेण, वडखळ नाका करत गावी गणपतीला. पुण्याला जायचं तर बोरघाट. चढावर इंजिन तापायचं, बाबा काट्याकडे बघून गाडी बाजूला घ्यायचे आणि बॉनेट उघडायचे. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, आधी थांबायचं, मग ओलं फडकं धरून हळूच फिरवायचं, हा धडा आम्ही सगळे तिथे शिकलो. शिंगरोबाच्या देवळाशी नाणं टाकायला आजी विसरली नाही. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराची गोष्ट तिने आम्हाला त्याच थांब्यांवर सांगितली. वाफ निवेपर्यंत वेळच वेळ असायचा.

इमारतीत दुसरी गाडी नव्हती. त्यामुळे रात्री-अपरात्री दार वाजलं तर बाबा विचारायच्या आधीच शर्ट चढवत. राजावाडी हॉस्पिटलात बाळंतपणाला पोचवलेल्या किती जणींची मुलं आज मोठी झाली आहेत! त्यांतले काही अजून भेटले की गाडीबद्दल विचारतात. कोणाच्या लग्नात वरात, कोणाच्या घरचा गणपती, कोणाच्या वडिलांना दादर स्टेशनवर सोडणं. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर आई घ्यायची नाही, मग दुसऱ्या दिवशी त्या घरून वाटीभर काहीतरी यायचं. दसऱ्याला आम्ही झेंडूचा हार करायचो तो चांगला लांब, कारण मजल्यावरची सगळीच बॉनेटला हळद-कुंकू लावायला खाली उतरत.

शेजारचे एक काका प्रीमियरमध्ये बॉडी शॉपला होते. पहिली पाळी सुटली की ते जेवून, वामकुक्षी करून खाली यायचे आणि आमच्या गाडीभोवती एक फेरी मारायचे. दाराच्या फटीत बोट फिरवून ते सांगत, हे दार कोणीतरी नंतर बसवलंय, आमच्याकडून असं जात नाही. त्यांना त्या गाडीबद्दल वाटणारा अभिमान आम्हाला तेव्हा नीट कळला नाही. स्वतःच्या हातांनी बनवलेली वस्तू शेजाऱ्याच्या दारात उभी आहे आणि त्याचं घर तिच्यावर चाललंय, हे समाधान आज या रस्त्यावर राहणाऱ्या फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

पुढचं सगळ्यांच्या घरी झालं तसंच. काका वेगळे राहायला गेले, एक बोरिवलीला, एक मुलुंडला. नव्या गाड्या आल्या. २००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादनही थांबलं आणि कुर्ल्यातल्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहिली. बाबा होते तोवर दर रविवारी इंजिन चालू करून ठेवायचे. ते गेल्यावर गाडी सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली. मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि आवार रिकामं करण्याची नोटीस लागली. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. आम्ही सगळी चुलत भावंडं त्या संध्याकाळी एकत्र बसलो, आणि थोरल्या काकूंनी, ज्या कधी स्टिअरिंगला बसल्या नाहीत, सांगितलं की गाडी विकायची नाही, चालू करायची. शो म्हणून ठेवायची असेल तरीही नको. बसता आलं पाहिजे.

ही अट फार महत्त्वाची ठरली. बघायला ठेवायची गाडी आणि घरची माणसं घेऊन पावसात निघायची गाडी, यांचं काम वेगळं असतं. बहुतेक गॅरेजांत आधी रंगाबद्दल विचारतात. रंग सगळ्यात शेवटी.

मुंबईच्या हवेत फियाट खालून मरते. पुढच्या काचेचं रबरी बीडिंग कडक होऊन तडकतं, त्यातून पावसाचं पाणी डॅशबोर्डाखाली उतरतं आणि पायाखालच्या मॅटमध्ये मुरत राहतं. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की दार आतून सडतं. वरून रंग ठीक दिसतो, टाचणीने टोचलं की टाचणी आरपार. आमच्या गाडीचा पुढचा तळ, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीतली स्टेपनीची जागा अशी गेली होती. घाईचा डेंटर तिथे पुट्टी भरून देतो, आणि दोन पावसाळ्यांत ती फुगून निघते. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणं, आतून गंजरोधक लेप देणं, भोकं मोकळी करणं, हेच खरं काम. वेळखाऊ आणि महागडं आहे, पण तळ पक्का नसेल तर घरच्या माणसांना त्यात बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, ते मुरू दिलं आणि मग हाताने थोडं थोडं फिरवलं. स्टार्टर मारून जोर करायचा नाही, रिंगा तुटतात. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटरमधल्या वाळलेल्या पेट्रोलचा डिंक काढला, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती ती सोडवली. चारही चाकांचे ब्रेक ड्रमचे, त्यांचे सिलिंडर गंजले होते, ते सगळे बदलले. पेट्रोलचे जुने रबरी पाइप ठेवायचे नाहीत हेही कळलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि कुजवतं. एवढ्याशा पाइपातून गळती झाली तर आग लागू शकते. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला आणि मागेपुढे सीटबेल्ट लावले. शुद्धतावादी नाराज होतील, पण मुलं बसणार असतील तर पट्टे हवेतच.

सुटे भाग मिळाले ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाऊसला, आणि बरेचसे टॅक्सीवाल्यांच्या ओळखीने. इतकी वर्षं पद्मिनीचं सामान टिकलं ते काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळेच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही बंद झाली. त्या दिवशी लोकांनी फोटो काढले, हळहळ व्यक्त केली. गिऱ्हाईकच उरलं नाही की दुकानदार बीडिंग आणि ब्रेकचे किट ठेवणं बंद करतो, याकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं.

आणि मिस्त्री. कारखान्यातले ते शेजारचे काका आता थकले आहेत, पण गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. पॉइंटची फट, टॅपेटचा आवाज, दाराचा बिजागर कुठे किती वाकवायचा, हे ते बोलत गेले आणि एक तरुण पोरगा करत गेला. दार लागलं तेव्हा त्यांनी पूर्वीसारखंच फटीत बोट फिरवलं आणि मान हलवली. त्या पोराकडे आता आणखी दोन फियाट आल्या आहेत.

कागदांचा प्रश्न उरला होता. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. साधीच नोंदणी ठेवली: तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुन्या तीन अक्षरी नंबराचं आरसी पुस्तक आजीच्या ट्रंकेत सापडलं, ते नसतं तर पुढचं सगळं अडलं असतं.

आता गाडी मुलुंडला धाकट्या काकांच्या सोसायटीत असते आणि आळीपाळीने कोणाकडेही जाते. पुतणी स्टिअरिंगवरचा गिअर टाकायला शिकली. थोरल्या काकू डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना याच गाडीला बोलावतात, कारण पुढचा बाक उंच आहे आणि गुडघे दुमडावे लागत नाहीत. धूर होऊ नये म्हणून इंजिन नीट ठेवतो, फार लांब नेत नाही. पण गेल्या गणपतीला मूर्ती याच गाडीतून आली, आणि पूर्वीच्या इमारतीतल्या बऱ्याच जणांनी येऊन बॉनेटला हळद-कुंकू लावलं.

अशी एखादी फियाट, लॅम्ब्रेटा किंवा चेतक तुमच्याही आवारात ताडपत्रीखाली असेल. पुनर्विकासाची नोटीस लागायची वाट पाहू नका. आधी आरसी पुस्तक शोधा, मग तळ तपासा. आणि हे काम हाताने येणारी माणसं कुर्ल्यात, भांडुपात अजून आहेत तोवर त्यांना घरी बोलवा. पुढच्या दहा वर्षांत ती मिळणार नाहीत.