पद्मिनीची चंदेरी पट्टी

खाडीवरून येणारा खारा वारा आगरदांड्यात लोखंडाला सुखाने नांदू देत नाही. विद्यालयाच्या आवारातील प्रीमियर पद्मिनी त्याला अपवाद कशी असेल? मुंबईत आयुष्यभर टॅक्सी चालविलेल्या, एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी निवृत्तीनंतर स्वतःसाठी घेतलेली ही गाडी विद्यालयास दान दिली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने घडू लागलेली ही गाडी १९७४ मध्ये पद्मिनी झाली, आणि २०२३ मध्ये तिची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली.

वर्धापनदिनापूर्वी गाडीला रंग द्यावयाचे ठरले. त्यासाठी दारांवरील क्रोमच्या पट्ट्या व मागील नावाची अक्षरे काढणे आवश्यक होते. इतिहासात एम.ए. झालेल्या आम्हांस हे काम क्षुल्लक वाटले. स्क्रू-ड्रायव्हर पट्टीखाली घालून जोर दिला. पट्टी मधोमध वाकली आणि पत्र्यावर बोटभर ओरखडा उमटला. अशी पट्टी आता सहजी मिळत नाही. काकांना कोणत्या तोंडाने सांगावे, हे सुचेना. तरी कळविले.

काका दुसऱ्याच दिवशी आले. रागावले नाहीत. "गुरुजी, पट्टी कशी बसवली आहे ते आधी बघा, मग काढा," एवढेच म्हणाले. दाराचे आतील पॅनेल त्यांनी उतरविले, तेव्हा पट्टीच्या टोकांचे गंजलेले नट दिसले. त्यांवर तेल सोडून ते रात्रभर मुरू दिले. सकाळी नट सोडवून पट्टीलगतच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावली. बांबूच्या पाचरीला कापड गुंडाळून ती प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ सरकविली आणि एकेक क्लिप मोकळी केली. दोन विद्यार्थ्यांनी पट्टी दोन्ही टोकांस धरली होती. एक टोक लोंबले तर पट्टी स्वतःच्याच वजनाने वाकते. नावाची अक्षरे पूर्वी कोणी डिंकासारख्या पदार्थाने चिकटविली होती. ती हेअर ड्रायरने कोमट करून, मागून मासेमारीचा तंगूस करवतीसारखा फिरवून सोडविली. प्रत्येक क्लिप क्रमांक टाकलेल्या लिफाफ्यात गेली.

जातिव्यवस्थेने कामांबरोबर काम करणारी माणसेही वेगळी पाडली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. आम्ही ते दरवर्षी वर्गात शिकवितो. तरीही हाताच्या विद्येला पुस्तकी विद्येहून खाली लेखण्याची खोड आमच्यातच शिल्लक होती.

ओरखडा रंगाखाली गेला. वाकलेली पट्टी काकांनी लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ केली. पण उन्हात तिच्यावरील लाट अजून दिसते. आम्ही ती तशीच बसविली आहे. माजी विद्यार्थ्यांनी चालकाच्या बाजूच्या दारावर ती अवश्य पाहावी.

काम संपल्यावर काकांना आम्ही नववीच्या वर्गात नेले, त्यांना आमची खुर्ची दिली आणि मुलांसोबत बाकावर बसून सारे पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकले.

जय भीम!