लाईट नव्हती

गावाकडच्या घरी आईसाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर मी लिनक्स घातलं ते माझ्या हौसेपायी. तिला एवढंच हवं होतं, की संध्याकाळी सातला झाकण उघडावं आणि बंगळुरूहून नात दिसावी. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतरही मोबाईलवरचं एवढंसं तोंड तिला पुरत नाही.

दोन वर्षं सुरळीत गेली. मग एका अपडेटनंतर झाकण उघडलं की वायफाय गायब व्हायला लागलं. रोज नाही, अधूनमधून. मोबाईलवर नेट चालू असायचं, म्हणजे राउटरचा दोष नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला की सगळं ठीक. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "तूच काहीतरी दाबलं असशील." त्यानंतर तिचा फोन आला नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न. पंधरा दिवसांनी बहिणीने सांगितलं, की आईने लॅपटॉपला हात लावणंच सोडलंय.

शनिवारी गेलो. कर्नलचा लॉग पाहिला. ("कर्नल म्हणजे मिल्ट्रीतला का रे?" आईने विचारलं. नाही म्हटलं, पण हुकूम तसाच सोडतो.) त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की वायफाय कार्डाला डी-थ्री-कोल्ड अवस्थेतून डी-झीरोमध्ये आणता येत नाही. डी-झीरो म्हणजे पूर्ण जागं. डी-थ्री-कोल्ड म्हणजे वीजच तोडलेली. झाकण मिटल्यावर कार्ड झोपत होतं आणि कधीकधी उठतच नव्हतं. आईने काहीही दाबलं नव्हतं. हे मी तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्याऐवजी लॅपटॉप पिशवीत घालून पुण्याला आलो.

जुन्या कर्नलवर चालणारी गोष्ट नव्यावर बिघडली, तर तिला रिग्रेशन म्हणतात, आणि लिनस टोरवाल्ड्स या बाबतीत फार कडक आहे: चालतं ते चालतंच राहिलं पाहिजे. पण तक्रार करणाऱ्यानेही थोडा घाम गाळावा अशी अपेक्षा असते. आधी मूळ, कोणी हात न लावलेला कर्नल घालून बिघाड तिथेही होतो का ते बघायचं. मग गिट बायसेक्ट. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये साधारण चौदा हजार बदल असतात. मधला बदल निवडायचा, तिथपर्यंतचा कर्नल बांधायचा, तपासायचा, बरा की वाईट ते सांगायचं. मग उरलेल्यातला मधला. दर वेळी निम्मे गळतात, म्हणून चौदा फेऱ्यांत एका बदलावर बोट येतं. टेलिफोन डिरेक्टरीत नाव शोधायचो, तसंच.

तीन रात्री जागलो आणि बोट आलं. घाईघाईने त्या बदलाच्या लेखकाला आणि वायफाय ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला पत्र लिहिलं. भाषा जरा चढीच होती. नात आणि मोतिबिंदूही आले होते त्यात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं, अगदी सभ्य. हा बदल एका एआरएम बोर्डाच्या आवाजाच्या ड्रायव्हरमधला आहे. तुमच्या मशीनवर ही फाईल बांधलीही जात नाही.

वाचून कान तापले. बायसेक्टला बुद्धी नसते. एक जरी उत्तर चुकीचं दिलं, तर ते तितक्याच आत्मविश्वासाने भलत्या दारात नेऊन सोडतं. पण माझं कुठलं उत्तर चुकलं होतं?

जुना कर्नल चढवून लॅपटॉप परत द्यायला गेलो, तेव्हा आईने शेल्फावरून वही काढली. आई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. पेशंटच्या कागदावर ताप, नाडी, वेळ लिहायची. आपलं मत लिहायचं नाही. तशाच अक्षरात तारखा होत्या. "सायं. ७.०५. झाकण उघडले. वायफाय नाही. लाईट नव्हती." "सायं. ७. वायफाय आहे. लाईट आहे." अशी दीड पानं.

"तू चिडशील म्हणून दाखवली नव्हती," ती म्हणाली.

लाईट नव्हती म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर होता. वीज वाचवायची सेटिंग्ज तेव्हाच लागू होत होती. चार्जर लावलेला असला की कार्ड तितकं खोल झोपतच नव्हतं. आणि मी पुण्यात तपासत होतो कधी टेबलावर, चार्जर लावून, तर कधी सोफ्यावर, तसाच. वाईट कर्नलांना मी बरं म्हणत सुटलो होतो.

पुन्हा चौदा फेऱ्या, या वेळी दर वेळी चार्जर काढून. नेम बसला वीज-व्यवस्थापनातल्या एका छोट्या बदलावर. दुसरं पत्र कोरडं लिहिलं: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, कोणत्या स्थितीत होतं, कोणत्या होत नाही. सोबत पूर्ण लॉग. चार दिवसांत दुरुस्ती आली. कर्नलमध्ये क्वर्क्स नावाची हजारो ओळींची फाईल आहे, खोडकर हार्डवेअरची हजेरीच म्हणा. तिच्यात आमच्या कार्डाचा नंबर चढला: याला डी-थ्री-कोल्डमध्ये पाठवू नये.

दुरुस्तीखाली 'रिपोर्टेड-बाय' म्हणून नाव घालायची पद्धत आहे. ते नाव आणि इमेल कायम राहतात, म्हणून आईला विचारलं, तुझं घालू का? "माझं कशाला? मी फक्त लिहून ठेवलं." मग माझंच गेलं. तेव्हा म्हणालो, की तू काही दाबलं नव्हतंस, मी उगाच बोललो. तिने "हं" केलं आणि दूध उतू जातंय का बघायला गेली.

नवा कर्नल आला त्या दिवशी मी तिथेच होतो. लाईट होती. आईने स्वतःच्या हाताने चार्जरची पिन काढली, झाकण मिटलं, भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली आणि उघडलं. मग वही ओढून वेळ लिहिली. नात पलीकडून ओरडत होती, तिला हातानेच थांब म्हणाली.