चालत्या घराच्या कड्या

घर बांधणारा माणूस पाया, भिंती व छप्पर यांचा विचार वर्षानुवर्षें करतो. कडी-कोयंड्याचा विचार मात्र वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीं करतो. यांत नवल असें कांहीं नाहीं. भिंतींतल्या फडताळाच्या कडीला काम तें काय असतें? मांजरानें दुधाला तोंड लावूं नये व लहान मुलानें लाडवाच्या डब्याला हात घालूं नये, एवढा बंदोबस्त झाला कीं तिचें कर्तव्य संपलें. जठारपेठेंतील आमच्या घराच्या सागवानी फडताळाची कडी आजोबांच्या वेळची आहे. तिला आजवर कोणीं तेलाचा थेंबहि दिला नाहीं, आणि तिनेंहि कधीं तक्रार केली नाहीं. परंतु घरालाच चाकें लागलीं म्हणजे या क्षुल्लक वस्तूचा दर्जा एकदम वाढतो, याचा अनुभव आम्हांस नुकताच आला. वडील माणसें व मुलेंबाळें बरोबर घेऊन प्रवास करणाऱ्या कुटुंबांना तो उपयोगीं पडेल असें वाटून येथें देत आहों.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून ‘मोटारघर’ हा विषय आमच्याकडे रात्रीच्या पंगतीला निघूं लागला. निजण्याची, स्वयंपाकाची व प्रातर्विधीची सोय ज्या गाडींत आहे तें मोटारघर. आमच्या मातोश्रींनीं ऐंशी ओलांडली आहे. गुडघे साथ देत नाहींत, मधुमेहामुळें दिवसांतून दोन वेळां इन्सुलिन टोचून घ्यावें लागतें, आणि वाटेवरच्या उपाहारगृहांतील शौचकूप पाहिला कीं त्या पाणी पिणेंच सोडून देतात. त्यामुळें दहा वर्षें त्यांचा प्रवास म्हणजे जठारपेठेंतून दवाखाना व दवाखान्यांतून जठारपेठ. अखेर थोरल्या बंधूंनीं एक वापरलेलें मोटारघर विकत घेतलें. मातोश्रींनीं स्वतः गाडीला हळदकुंकू वाहिलें आणि त्या म्हणाल्या, “आतां एकदां चिखलदरा दाखवा रे मला. लग्न होऊन वऱ्हाडांत आल्यापासून नुसतं नांवच ऐकतेंय.”

दर्यापूर, अंजनगांव, परतवाडा असा आमचा मार्ग होता. सपाटीवर सारें सुरळीत चाललें. घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ओट्याखालचा खण आपण होऊन बाहेर आला. त्यामागोमाग वरच्या कपाटाचें दार उघडून स्टीलचे डबे खालीं आले, आणि शीतकपाटाच्या दाराची कडी तुटून इन्सुलिनच्या दोन्ही कुप्या फुटल्या. कोणाला इजा झाली नाहीं हें आमचें दैव. मुलें घरंगळणारे लाडू वेंचीत हंसत होतीं. मातोश्री मात्र खालच्या ओल्या डागाकडे पाहत बसल्या होत्या. परतवाड्यास मागें येऊन नवी कुपी मिळाली व वेळ निभावली. पण चिखलदरा राहिला तो राहिलाच. परतीच्या वाटेवर त्या एवढेंच बोलल्या, “माझ्या पायीं मुलांची सहल मोडली. मला आपलं घरींच असूं द्या.” हें बोलणें आम्हां भावंडांच्या जिव्हारीं लागलें. ऐंशी वर्षांच्या माणसानें एकदां ‘घरींच असूं द्या’ म्हटलें, कीं तें घर हळूहळू एका खोलीएवढें होत जातें, हें आम्हीं इतर नातलगांच्या घरीं पाहिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं गाडीची झडती घेतली. लहानमोठीं चौदा दारें व सहा खण. पैकीं आठ ठिकाणच्या कड्या मोडलेल्या किंवा खिळखिळ्या. आमच्याकडे वर्षानुवर्षें काम करणारे सुतारमिस्त्री गाडींत शिरले, एक दार दोनदां उघडून मिटलें आणि म्हणाले, “चाकाच्या घराले भितीच्या घराची कडी कशी पुरन, बाप्पा?” या एका वाक्यांत सारें शास्त्र आलें.

बहुतेक दारांना लोहचुंबकाच्या पकडी होत्या. स्वस्थ उभ्या असलेल्या कपाटाला तेवढें पुरतें. परंतु गाडीला जोराचा ब्रेक लागला म्हणजे आंतील प्रत्येक वस्तु पुढें जाऊं पाहते, आणि हा रेटा तिच्या वजनाच्या निम्म्याहूनहि अधिक होऊं शकतो. वळणावर तोच रेटा आडवा येतो. भांड्यांनीं भरलेला खण दहा किलोंचा धरला, तर त्याच्या कडीला पांच-सहा किलोंचा धक्का सोसावा लागतो. तेथें साध्या चुंबकाचा टिकाव लागत नाहीं. दुसरें कारण आमच्याकडचा उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांवर जातो, आणि उन्हांत उभी असलेली बंद गाडी आंतून त्याहूनहि पुष्कळ तापते. वारंवार तापून-निवून प्लॅस्टिक ठिसूळ होतें. कडीच्या जिभेच्या मुळाशीं केसासारखी चीर पडते, आणि एके दिवशीं जीभ तुटून हातांत येते. तिसरें कारण भुशाच्या फळ्या. रस्त्याच्या थरथरीनें स्क्रूभोंवतालचा भुसा झिजतो, भोंक रुंदावतें, व कडी शाबूत असूनहि कोयंडा जागा सोडतो.

नवी कडी आणण्यापूर्वीं तीन मापें कागदावर लिहून घ्यावीं: फळीची जाडी, कडीच्या भोंकाचा व्यास आणि स्क्रूच्या दोन भोंकांतील अंतर. जुनी कडी खिशांत घालून दुकानांत जावें, हें त्याहून बरें; कारण ‘अशासारखी द्या’ म्हटलें कीं ‘सारखी’ या शब्दाचा अर्थ दुकानदार आपल्या सोईनें लावतो. आम्हीं धातूच्या, बोंडी दाबून उघडणाऱ्या कड्या घेतल्या. बोंडी दाबली कीं ती बाहेर येते व आंतली जीभ मोकळी होते. दार मिटून पुन्हां दाबली कीं जीभ कोयंड्यांत अडकून बसते. यांत आणखी एक सोय आहे. बाहेर आलेली बोंडी दुरून दिसते, आणि ‘अमकें दार उघडें आहे’ असें लहान मूलहि ओरडून सांगूं शकतें.

रुंदावलेल्या भोंकांत बांबूच्या काड्या सरसांत बुडवून ठोकाव्या, रात्रभर वाळूं द्याव्या, वरचा भाग तासून मग नवें बारीक भोंक पाडावें. जेथें भार अधिक, तेथें स्क्रूऐवजीं आरपार बोल्ट घालून मागें वायसर व नट लावावा. कोयंड्याची जागा ठरवितांना जिभेच्या टोंकाला खडू लावून दार मिटावें. पांढरा डाग उमटेल तेथें कोयंडा. तेल मात्र घालूं नये. तेलावर धूळ बसते व जीभ चिकटूं लागते; त्यापेक्षां शिसपेन्सिलीची पूड चोळावी.

खणांची युक्ति मिस्त्रींची. खण ज्या दोन पट्ट्यांवर सरकतो, त्यांना खालून पुढच्या बाजूस त्यांनीं खांच पाडली. खण पुरता आंत गेला कीं ती खांच चौकटीच्या आडपट्टीवर बसते. उघडावयाचा तर तो किंचित् वर उचलून ओढावा लागतो. यांत स्प्रिंग नाहीं, प्लॅस्टिक नाहीं. खण जितका जड, तितकी खांच घट्ट. समुद्रावरच्या नौकांतून खणांना हीच योजना करतात, हें आम्हांस मागाहून कळलें. ज्यांनीं आयुष्यांत समुद्र पाहिला नाहीं त्या मिस्त्रींना ती गाडीच्या दारांत बसून विडी ओढतां ओढतां सुचली!

हें सारें मातोश्री ओसरीवरून पाहत होत्या. चार दिवस त्या कांहीं बोलल्या नाहींत. पांचव्या दिवशीं वहिनी डबे लावूं लागल्या तेव्हां मात्र त्यांना राहवेना. “अगं, जड खालीं, हलकं वर, आणि काचेचं असेल तें मऊ कापडांत. आमच्या माहेरच्या दमणीला कुठं होत्या कड्या? पण लोणच्याची बरणी कधीं फुटली नाहीं.” त्याच दुपारीं जुन्या नऊवारीची घडीवर घडी घालून त्यांनीं इन्सुलिनसाठीं एक दोन कप्प्यांची पिशवी शिवली व ती शीतकपाटांत आंतल्या दांडीला बांधावयास लावली. सुई ओंवून द्यावयास नात होती. टांके सारे त्यांचे. ‘घरींच असूं द्या’ हा शब्द त्या दिवसापासून आमच्या कानीं आला नाहीं.

परीक्षेचा रस्ताहि विचारपूर्वक निवडला. जून २०२२ मध्यें अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम झाला. अशा रस्त्यावर कड्यांची परीक्षा काय होणार? म्हणून आम्ही एका आडगांवच्या वाटेला लागलों. आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते; तिच्यावरचा लहान रस्ता लाटांसारखा होतो. डबे धान्यानें भरून त्या वाटेनें दोन फेऱ्या केल्या. एक बोंडी बाहेर आली, तिचा कोयंडा सारखा केला. बाकी सर्व जागच्या जागीं होतें.

दिवाळीनंतर मातोश्रींनीं चिखलदरा पाहिला. सुमारें ११०० मीटर उंचीवरच्या त्या गार वाऱ्यांत शाल पांघरून त्यांनीं भीमकुंडाला हात जोडले, आणि कीचकवधाची कथा नातवंडांना स्वतः सांगितली.

आतां आमच्याकडे असा नियम आहे कीं, निघण्यापूर्वीं घरांतील सर्वांत धाकट्या मुलानें प्रत्येक दार व खण ओढून पाहावा. तो ‘झालं’ म्हणाल्यावांचून गाडी सुरू व्हावयाची नाहीं. ज्या घरांत वडील माणसें प्रवासाला नको म्हणूं लागलीं असतील, तेथें वयावर बोट ठेवून कोणीं गप्प बसूं नये. त्या नकाराचें कारण जवळ बसून विचारावें. पुष्कळदां तें एखाद्या कडीएवढेंच लहान असतें, आणि कडी बदलतां येते.