बर्फातलं पाणी

आमच्या चिपळूणच्या मोहल्ल्यात पूर म्हटलं की जुलै. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही माळ्यावर बसून रात्र काढली. खालच्या लोखंडी पेटीत वडिलांची कागदपत्रं होती, अम्मीचा निकाहचा शालू होता. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत चिखल. तेव्हापासून पाऊस जोरात लागला की मी रात्री उठून पायरी बघून येतो.

त्यानंतर एका मार्चमध्ये आम्ही नवरा-बायको मुलाकडे गेलो. तो अमेरिकेत, ईशान्येकडच्या मेन राज्यात नोकरी करतो. एका रात्री जेवणं झाल्यावर त्याने टेबलावर नकाशा पसरला. दोन मित्रांबरोबर सेंट जॉन नदीत कॅनूने उतरायचं, बेकर तलावापासून अलगाश गावापर्यंत, जवळजवळ शंभर मैल. कॅनू म्हणजे आपल्या होडीसारखीच, पण अरुंद, हलकी आणि वरून उघडी. वाटेत वस्ती नाही, फक्त रान. रात्री काठावर तंबू. निघायचं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

मे महिना ऐकून मी निर्धास्त झालो. आपल्याकडे मे म्हणजे नदीनाल्यांचे धोंडे उघडे पडलेले. मी म्हणालो, "पाणी तरी असेल का रे?" तो हसला. "अब्बा, इथे नदी मे महिन्यातच भरते."

ते मला कळलं शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. त्यांनी उभं आयुष्य नद्यांवर काढलेलं. त्यांनी मला एक साधा प्रयोग करायला लावला. अंगणातल्या जुन्या बर्फात सरळ काठांचा डबा उभा खुपसायचा, तो भरून घरात आणायचा आणि वितळू द्यायचा. दहा इंच बर्फाचं पाणी तीन इंचांहून थोडं जास्त भरलं. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ असता तर जेमतेम एक इंच भरलं असतं. म्हणजे बर्फ किती उंच साचलाय ते बघून भागत नाही, त्यात पाणी किती आहे ते बघावं लागतं. मेनमध्ये हिवाळाभर माणसं रानात जाऊन, बर्फात नळी घालून, ती वजन करून हेच मोजतात. आपला पूर आभाळातून रातोरात येतो. त्यांचा पूर महिनोन्‌महिने डोंगरावर पांढरा होऊन पडून असतो, आणि तो मोजता येतो.

तो कधी उतरणार, एवढंच नक्की नसतं. बर्फाचा थर आधी खालपर्यंत शून्य अंशावर यावा लागतो, पाण्याने भिजावा लागतो. मगच पाणी सोडू लागतो. दिवस हळूहळू तापले आणि रात्री गारठल्या तर तो सावकाश विरघळतो. पण रात्रीही उबदार राहिल्या आणि वर दमट वारा, पाऊस आला, तर सगळा हिशेब एकदम चुकता होतो. 2007-08 च्या हिवाळ्यात उत्तर मेनमधल्या कॅरिबू गावी सुमारे 198 इंच बर्फ पडला होता. एप्रिलअखेर वर पाऊस झाला आणि फोर्ट केंटला हीच सेंट जॉन सुमारे 30 फुटांवर गेली. तिथली पूररेषा 25 फुटांची. शेकडो लोकांना घरं सोडावी लागली.

"मग उशिरा जा," मी म्हणालो.

"उशीर केला तर दगडांवरून होडी ओढत न्यावी लागेल."

तेही खरंच होतं. या नदीवर डिकी इथे मोठं धरण बांधायला 1965 मध्ये मंजुरी मिळाली होती. 1976 मध्ये, नामशेष समजलेली फर्बिश लाउसवर्ट नावाची वनस्पती काठावर पुन्हा सापडली. विरोध वाढत गेला आणि शेवटी धरण झालंच नाही. त्यामुळे वरच्या अंगाला पाणी धरून ठेवणारं काही नाही. बर्फ संपला की जूनपर्यंत नदी उतरते. जायचे दिवस तेवढे मधलेच.

एप्रिलच्या शेवटी अंदाज आला: उबदार दिवस, पाठोपाठ पाऊस. वरच्या रानात बर्फ अजून बराच होता. मुलगा गप्प झाला. रजा मंजूर झालेली, सामान बांधलेलं. शेजाऱ्यांनी त्याला एवढंच सांगितलं, "नुकत्या वितळलेल्या पाण्यात पडलास तर दहा मिनिटांत बोटं काम करेनाशी होतील. पोहता येतं याचा तिथे उपयोग नाही."

त्या रात्री मी त्याला पेटीची गोष्ट सांगितली. 21 जुलैच्या संध्याकाळी शेजारच्या भाभी म्हणाल्या होत्या, सामान वर चढवा. मी म्हणालो होतो, इन्शाअल्लाह काही होणार नाही. अल्लाहचं नाव घेतलं, पण पेटी उचलली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या अम्मीलाही नाही.

तो काही बोलला नाही. सकाळी त्याने मित्रांना फोन करून बेत बारा दिवस पुढे ढकलला. एकाला नवी रजा मिळाली नाही. तो रागावला आणि आलाच नाही.

आम्ही परत आल्यावर मुलाचा फोन आला. प्रवास नीट झाला होता. पाणी पुरेसं होतं, तंबू काठापासून उंचावर लावले होते. म्हणाला, "अब्बा, काठावरच्या झाडांची साल बर्फाच्या लाद्यांनी खरवडलेली होती. काही खुणा माझ्या डोक्याच्याही वर."

आमच्या बैठकीच्या भिंतीवरही 2021 ची मातकट रेघ आहे. ईदच्या आधी रंगारी आला तेव्हा त्याने विचारलं, यावरून हात मारू का? मी म्हटलं, तेवढी राहू दे. पेटी आता माळ्यावर असते.