साडेसाती

शेजारच्या नानांचा मुलगा डॉक्टर आहे की नाही, यावर आमच्या सोसायटीत दोन तट पडले होते. पहिल्या तटाचं म्हणणं, पोरानं चीनमधून सहा वर्षांची पदवी आणली, तेव्हा तो डॉक्टर. दुसरा तट म्हणे, मग साध्या सर्दीवर चिठ्ठी का लिहून देत नाही? आमचा वॉचमन पहिल्या तटाचा. तो रोज सलाम ठोकून नाडी दाखवायचा. पोरगा नाडी बघायचा, "छान आहे" म्हणायचा आणि त्यापुढे काही करायची कायद्यानं सोय नसल्यामुळे दूध आणायला जायचा.

मी तटस्थ. बँकेतल्या माणसाला तसं राहावंच लागतं. त्यातून कर्जाचा कागद माझ्याच टेबलावरून गेलेला.

२०१६ साली नाना तो अर्ज घेऊन आले तेव्हा म्हणाले, "अहो, इथल्या खासगी कॉलेजची फी ऐकून मलाच ॲडमिट करायची वेळ आली होती." मागणी आणि पुरवठा आम्हा बी.कॉम.वाल्यांना पहिल्या वर्षालाच शिकवतात. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे २४ लाख मुलांनी नावं नोंदवली आणि देशात एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. उरलेल्यांत ज्यांचा हट्ट सुटत नाही ती रशिया, युक्रेन, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स अशी पांगतात. म्हणजे भूगोलाच्या पेपरात नकाशावर जे देश सापडले नाहीत, नेमकी तिथेच जातात. नानांचा चीनला गेला. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की तारण लागतं. नानांनी राहता फ्लॅट दिला.

२०२० च्या जानेवारीत पोरगा चिनी नववर्षाच्या सुटीला घरी आला, तो राहिलाच. चीननं परदेशी विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर याचा कोर्स संपून पदवी हातात पडली होती. तिकडचा आठचा तास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. त्यामुळे अडीच वर्षं नानांच्या स्वयंपाकघरातून पहाटे चिनी वळणाच्या इंग्रजीत हृदयाच्या झडपा ऐकू यायच्या आणि थोड्या वेळानं कुकरची शिट्टी. रोग्याच्या उशाशी उभं राहून शिकायची ती वर्षं, ती ओट्याशी उभं राहून शिकली. पोस्टानं पोहणं शिकण्यासारखंच हे. काकूंनी चहा करता करता इतकं मेडिसिन ऐकलं की त्याही परीक्षेला बसल्या असत्या.

परीक्षा म्हणजे ती चाळणी. बाहेरून शिकून आलेल्यांसाठी ही २००२ च्या नियमांनी आली. एका दिवसात ३०० प्रश्न, त्यातले १५० बरोबर यायला हवेत, आणि वर्षातून दोनदा संधी. चुकलं तर गुण कापत नाहीत, एवढंच काय ते औदार्य. चाळणीतून खाली पडणाऱ्यांपेक्षा वर अडकणारेच पुष्कळ असतात. पोरगा पहिल्या खेपेला थोडक्यात राहिला, दुसऱ्या खेपेला निघाला. नानांनी पेढे वाटले. दुसऱ्या तटानंही दोन-दोन घेतले.

पण पेढ्यांनी डॉक्टर होत नाही. आता तात्पुरती नोंदणी, मग मान्यताप्राप्त हॉस्पिटलात इंटर्नशिप, ती पुरी झाली की कायमची नोंदणी. एरवी ही इंटर्नशिप वर्षाची; पण शेवटच्या वर्षी घरात अडकलेल्यांना आयोगानं २०२२ मध्ये दोन वर्षांची लावली. रोगी न बघता आलेल्यांनी आधी रोगी बघावेत, हे मला पटलं. उद्या माझ्याच पोटावर त्यांचा हात पडणार आहे. अडचण दुसरीच होती. बाहेरून आलेल्यांसाठी कॉलेजच्या मंजूर जागांवर जास्तीत जास्त साडेसात टक्के जागा. म्हणजे शंभराच्या कॉलेजात साडेसात. तो अर्धा उमेदवार कुठे उभा करतात कोण जाणे. साडेसात लाखांवर तारण, साडेसात टक्के जागा! कुंडली न उघडता साडेसाती कळण्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

आयोगानं लिहून दिलंय की या मुलांकडून फी घेऊ नका, इतरांइतकंच विद्यावेतन द्या. पोरगा परिपत्रक घेऊन फिरला. एका कॉलेजात कारकून म्हणाला, "जागा नाही, विचारत राहा." मीही कारकूनच, 'विचारत राहा'चा अर्थ मला कोशात बघावा लागत नाही. दुसरीकडे जागा होती, पण विद्यावेतन मिळणार नाही असं तोंडी सांगितलं. परिपत्रकाला कागदावर उत्तर देता येत नसलं की असंच तोंडी देतात.

इकडे बँकेचं घड्याळ थांबत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष, की हप्ता सुरू. संगणकाला चाळणी, रांग, स्वयंपाकघर यातलं काही माहीत नाही. नाना काउंटरवर आले.

"अहो, तो कमावतोय असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी मागत नाही नाना, सिस्टिम मागते."

"मग तिला सांगा, माझी पेन्शन तेवढी नाही."

मुदत वाढवून मागायचा अर्ज मीच लिहून वर पाठवला. वरून प्रश्न आला, कर्जदाराची सद्यःस्थिती काय, नोकरी की शिक्षण? दोन्ही नाही, असं लिहायला फॉर्मात जागा नव्हती. शेवटी नानांनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली ठेव मोडली. सही करताना पोरगा शेजारीच उभा होता. पासबुक छापायला मी उगाचच वेळ लावला.

जागा मिळाली ती रात्रभर एस.टी.नं जावं लागेल अशा जिल्ह्याच्या गावी. पहिल्याच आठवड्यात त्याचा काकूंना फोन. चीनमध्ये त्यानं 'कुठे दुखतंय' हे चिनीत पाठ केलं होतं. इथे आजीबाई म्हणाल्या, "पोटात कालवतंय, अंगात कणकण आहे आणि इथनं चमक निघते ती पार माकडहाडापर्यंत." यातलं एकही लक्षण त्याच्या पुस्तकात नव्हतं.

"आई, कणकण म्हणजे नव्याण्णव का शंभर?"

"अरे, तापाच्या आधीची. थर्मामीटरला कळत नाही ती."

मग नानांनी फोन ओढून घेतला आणि गुडघ्याचा विषय न काढता विचारलं, विद्यावेतन जमा झालं का? त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाना बँक उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. खातं काढून बघितलं. झालं होतं. हप्त्यापेक्षा थोडं कमी होतं, पण झालं होतं.