दोन माणसे, चार वल्ही

काही वर्षांपूर्वी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गनजवळच्या एका गावात राहत असताना, शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या बालपणीच्या आठवणींची एक वही माझ्या हाती ठेवली. त्यांची नात इंग्लंडमध्ये वाढलेली. तिला नॉर्वेजियन वाचता येत नव्हते. तिच्यासाठी इंग्रजी भाषांतर हवे होते. वाक्ये साधी होती, काम सोपे वाटले. दोन्ही भाषा माझ्या नव्हेत, हीदेखील मला तेव्हा सोयच वाटली होती.

पहिलेच वाक्य असे होते, की पहाटे वडील आणि मी 'फॅरिंग' घेऊन निघालो. फॅरिंग म्हणजे चार वल्ह्यांची होडी. चारचा आकडा त्या शब्दातच दडलेला आहे. मी 'फोर-ओअर्ड बोट' असे लिहून पुढे गेलो. आजोबा तरुणपणी मालवाहू जहाजांवर असल्याने त्यांना इंग्रजी चांगले येत असे. माझे पान वाचून त्यांनी विचारले, "बाकीचे दोघे कोण?"

प्रश्न कळायला मला थोडा वेळ लागला. इंग्रजी नौकानयनात 'फोर' म्हणजे वल्ही मारणारे चौघे, प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे. फॅरिंगमध्ये दोघेच बसतात आणि प्रत्येक जण वल्ह्यांची जोडी चालवतो. बाप-लेकाच्या त्या पहाटेत मी, शब्दाशी प्रामाणिक राहून, दोन परके इसम आणून बसवले होते. माणसांचा हिशेब जुळवायचा तर इंग्रजीत 'डबल स्कल' आहे. पण ती शर्यतीची लांब, निमुळती नाव. तिच्यातून कोणी मासे धरायला जात नाही.

तीच गत 'नाउस्ट'ची. किनाऱ्यावर होडी ओढून ठेवण्याची ही लाकडी खोपी. तिच्यात जाळी असतात, दोर असतात, डांबराचा वास असतो. योन फोस्से यांच्या 'नाउस्टेत' (१९८९) या कादंबरीचे इंग्रजी नाव 'बोटहाउस' असे आहे, आणि त्याहून जवळचा रुळलेला शब्द मलाही सुचत नाही. तरीही तो वाचताना अनेकांच्या डोळ्यांपुढे विद्यापीठांचे नौकाक्लब येतात. वल्हे टेकते ते लाकडी शिंग म्हणजे 'केइप', आणि वल्ह्याला त्याच्याशी धरून ठेवणारे कडे म्हणजे 'हामलेबांड'. इंग्रजी 'रोलॉक' म्हटले की धातूचा दुबेळका दिसतो, आणि ते कडे तर नाहीसेच होते.

शोधता शोधता मी शेटलंड बेटांच्या बोलीपर्यंत पोचलो. ही बेटे १४६९ साली राजकन्येच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण पडली आणि परत गेलीच नाहीत. तिथली नॉर्स वळणाची 'नॉर्न' भाषा पुढे लोपली. पण होड्यांचे शब्द राहिले: 'नूस्ट', 'केब', 'हमलीबांड', 'फोरारीन'. म्हणजे मला हवे असलेले शब्द इंग्रजीच्या अगदी काठावर, वापरात होते. क्षणभर मी हरखलो. मग लक्षात आले, की आजोबांच्या नातीला 'फोरारीन' हा शब्द 'फॅरिंग'इतकाच अनोळखी असणार. अचूकपणा मिळाला, पण वाचक जिथल्या तिथेच राहिला.

तरी शेटलंडने एक गोष्ट शिकवली. भाषा जाते तेव्हा सगळे एकदम जात नाही. हाताला ज्याची रोज गरज पडते ते मागे राहते. या घरात तर एकाच पिढीत भाषा गेली होती, आणि नातीच्या हाताला वल्ह्याची गरज कधी पडलीच नव्हती. तिच्यापाशी काही राहायचे असेल, तर ते या वहीतूनच राहणार होते. मी मात्र वाचनाच्या ओघासाठी नेमके तेच पुसून टाकत होतो.

शेवटी चार शब्द मी तसेच ठेवले: फॅरिंग, नाउस्ट, केइप, हामलेबांड. ते प्रथम आले तिथे एकेका वाक्यात अर्थ दिला, पुढे काही नाही. फॅरिंगपाशी लिहिले, की हिच्यात दोघे बसतात आणि प्रत्येकाकडे दोन वल्ही असतात. 'टोफ्टे'ला मात्र 'थ्वार्ट' हा बसण्याच्या फळीचा इंग्रजी शब्द दिला, आणि उजवी बाजू तर 'स्टारबोर्ड' म्हणून आपोआपच आली. ती दोन्ही भाषांना सुकाणूच्या एकाच जुन्या वल्ह्यावरून मिळालेली आहे.

याने सगळे साधले असे नाही. चार ठिकाणी वाचन अडखळते, हे मला ठाऊक आहे. आजोबांनी सुधारलेले पान वाचले, बोट ठेवून माणसे मोजली, आणि वही मिटली.