रांगोळीतले स्वयंपाकघर

आमचे जुने स्वयंपाकघर मोडून नवे बांधावे, असे घरात कोणी ठरवले नव्हते. ते वाऱ्याने ठरवले. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' नावाचे चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावरून घोंघावत गेले. नारळाची लक्षावधी झाडे एका रात्रीत आडवी झाली. त्या मानाने तंजावर शहरात आमचे फारसे काही गेले नाही. स्वयंपाकघरावरची कौले उडाली, एक वासा मोडला आणि मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. सकाळी पाहतो तो चुलीत पाणी साचलेले!

माझे माहेर साताऱ्याचे. लग्न होऊन मी तंजावरला आले, तेव्हा परक्या मुलखात जात आहे असे वाटत होते. घरी पोहोचल्यावर सासूबाईंनी मराठीत विचारले, "दमलीस का?" आणि मी चकित झाले. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा निराळी होती. तिच्यात तमिळचे हेल होते आणि मी फक्त आजीच्या तोंडी ऐकलेले जुने शब्दही होते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापले. १८५५ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, पण त्याच्याबरोबर आलेली माणसे येथेच राहिली. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांची दफ्तरे आहेत, बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख आहे. परंतु बोलती मराठी म्हणाल, तर आमच्या घरी ती प्रामुख्याने स्वयंपाकघरात उरली होती. यजमानांचे कचेरीतले बोलणे तमिळ, मुलांचे शाळेतले तमिळ आणि इंग्रजी. चुलीपाशी आले की मात्र सर्वांच्या तोंडी आपोआप मराठी येई, कारण तेथे सासूबाई बसलेल्या असत.

'बसलेल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्यांचा सारा स्वयंपाक बसूनच होई. उजव्या हाताला विळी, डाव्या हाताला पाटा-वरवंटा, समोर मातीची चूल आणि पाठीमागे भिंतीत कोरलेले फडताळ. जमीन तांबड्या रंगाची, वर्षानुवर्षांच्या वावराने आरशासारखी गुळगुळीत झालेली. पाटावरून न उठता त्यांचे हात हव्या त्या वस्तूपर्यंत पोहोचत. मुख्य चुलीला लागूनच एक लहान चूल होती. तिला स्वतःचे सरपण नसे. मोठ्या चुलीतला जाळ आतल्या भोकातून तिच्यात येई आणि मंद आचेवर सार उकळत राही. तमिळमध्ये तिला 'कोडि अडुप्पु' म्हणतात. साताऱ्याला आजीच्या चुलीलाही तशीच जोड होती आणि तिला आम्ही 'वैल' म्हणत असू. नऊशेहून अधिक किलोमीटर दूर तीच वस्तू पाहून मला त्या घराचा पहिल्यांदा आपलेपणा वाटला होता.

गॅस घरात आला, तेव्हाही सासूबाईंनी शेगडी हातभर उंचीच्या दगडावरच ठेवून घेतली. सिलिंडर देणारा माणूस दर खेपेस नाराजी दाखवी. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण सासूबाईंपुढे कोण बोलणार?

वादळानंतर मात्र बोलणे भाग पडले. त्यांचे वय त्या वर्षी एकोणऐंशी होते. गुडघे इतके दुखत की जमिनीवर बसल्यावर उठायला दोन माणसे लागत. मार्गळी महिना संपून पोंगल झाले की काम काढायचे, असे ठरले. कंत्राटदाराने संगणकावर काढलेला रंगीत नकाशा आणला. इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराचा ओटा, उंची चौतीस इंच, खाली-वर कपाटे, धूर ओढणारी चिमणी, कोपऱ्यात फ्रीज. नकाशा खरोखर देखणा होता. तो पाहून माझे मन हरखले, हे मी नाकारणार नाही. इतकी वर्षे वाकून वाकून माझीही पाठ गेली होती.

सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. आता मला वेळेवर दोन घास वाढलेस की झाले." आम्ही ती संमती समजलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली विळी चिंचेने घासून लख्ख केली, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळली आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना देऊन टाकली. लग्नात माहेरहून आणलेली विळी होती ती. मी धावत जाऊन ती परत मागून आणली, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्या चित्रात मी कुठे बसू? बसायला जागाच नाही. मग विळी ठेवून काय करायची?"

मी पुन्हा नकाशा पाहिला. त्यात फ्रीजला जागा होती, मायक्रोवेव्हला होती, कचऱ्याच्या डब्यालाही होती. जी बाई साठ वर्षे त्या खोलीत राबली, तिला तेवढी नव्हती. नकाशा काढणाऱ्याचा दोष मी धरत नाही. त्याला खोलीची मापे दिली गेली होती, माणसांची कोणी दिलीच नव्हती.

युरोपातही पूर्वी असे प्रश्न पडले होते. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या स्थापत्यकार स्त्रीने फ्रँकफुर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. घड्याळ लावून, हालचाली मोजून तिने ते बेतले आणि पुढे तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजची घडीव स्वयंपाकघरे त्याचीच नातवंडे म्हणता येतील. आपण त्याआधी कधी घरचा स्वयंपाक सांभाळला नव्हता, असे तिने स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले होते. तरीही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. खिडकीखालच्या ओट्यापाशी तिने फिरते स्टूल ठेवले होते, म्हणजे बसून काम करता यावे. जर्मनीतल्या १९२६ च्या स्वयंपाकघरात बसायची सोय होती आणि तंजावरच्या २०१९ च्या नकाशात नव्हती!

कागदावरचे इंच मला नीट कळत नाहीत. बहुतेकांना कळत नसावेत. म्हणून मी एक उपाय केला. तमिळनाडूत रोज पहाटे दारात कोलम काढतात. ती पांढरी पूड घेऊन मी मधल्या दालनाच्या फरशीवर सारे स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखले. येथे ओटा, येथे मोरी, येथे फ्रीज, हे त्याचे दार, ते उघडले की येथवर येणार. मग त्या रेषांच्या आत मी लटका स्वयंपाक सुरू केला. फ्रीजमधून भाजी काढली, मोरीवर धुतली, चिरली, शेगडीवर टाकली. दारातून मुले हसत होती. पण चारच फेऱ्यांत दोन चुका उघड झाल्या. फ्रीजचे दार उघडताच मागच्या अंगणात जाणारी वाट अडत होती. आणि ताटे ठेवायचे कपाट मोरीपासून इतके दूर होते की प्रत्येक धुतलेले ताट टपकत टपकत सारी खोली ओलांडणार होते. मोरी, शेगडी आणि फ्रीज यांचा त्रिकोण धरावा आणि त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज सुमारे तेरा ते सव्वीस फुटांच्या आत ठेवावी, असा एक नियम अमेरिकेत १९४० च्या दशकात रूढ झाला. आमची बेरीज एकोणीस फूट भरली, म्हणजे नियमात बसली. पण दाराच्या वाटेबद्दल तो नियम काही सांगत नाही.

सासूबाई खुर्चीवरून हे सारे पाहत होत्या. बराच वेळ गप्प होत्या. मग काठी टेकत उठल्या, रेषांच्या आत आल्या आणि काठीच्या टोकाने ओट्याची एक रेषा पुसून म्हणाल्या, "खिडकी इकडे आहे आणि तू भिंतीकडे तोंड करून चिरणार? भाजीतली अळी तुला दिसणार कशी?"

त्या दिवसापासून नकाशा त्यांच्या हाती गेला.

आम्ही मापे घेतली, पण या वेळी माणसांची. उभे राहून हात कोपरात दुमडायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायची. ओटा त्याहून चार-पाच इंच खाली असावा, म्हणजे खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबरही वाकत नाही. माझे कोपर एकोणचाळीस इंचांवर, सासूबाईंचे पस्तीस इंचांवर. एकच ओटा दोघींना पुरणार कसा? मग ध्यानात आले की ओटा एकाच उंचीचा असावा असे कुठे लिहिलेले नाही. शेगडी आणि तिच्यावरचे पातेले ओट्याची उंची वाढवतात, म्हणून शेगडीचा भाग तीस इंचांवर ठेवला. चिरण्या-मळण्याचा भाग चौतीस इंचांवर. गवंडी कुरकुरला, दोन पातळ्या म्हणजे दोनदा काम. सासूबाईंनी त्याला दोन वेळा कॉफी पाजली, मग तो काही बोलला नाही.

खिडकीखाली, अंगणाच्या बाजूला, एक रुंद कट्टा घेतला. उंची अठरा इंच, लांबी चार फूट, खोली अडीच फूट. त्यावर पाय खाली सोडून बसता येते आणि मांडी घालून विळीही पुढ्यात घेता येते. उठताना गुडघ्यांना जमिनीपासूनचा प्रवास करावा लागत नाही. भिंतीला हाताशी एक लोखंडी कडी ठोकली, धरून उठण्यासाठी. हा कट्टा कोणत्याही छापील पुस्तिकेत नव्हता.

दगडाच्या निवडीत मी चुकले असते. मला काळ्या कडप्प्याचा ओटा हवा होता. तो स्वस्त आणि दिसायला गंभीर. सुताराने सावध केले. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. आंबट पदार्थाने त्याची झिलई जाते. आमच्या घरी चिंच रोज भिजते. तंजावरच्या राजवाड्यात आमसूल संपले म्हणून चिंच घातली आणि त्यातून सांबार जन्मले, अशी कथा येथे मोठ्या अभिमानाने सांगतात. ती खरी असो वा नसो, चिंच मात्र खरी आहे. तेव्हा ओट्याला ग्रॅनाइट घेतला आणि कडप्पा खालच्या फळ्यांना वापरला. लाकडी कपाटे कमी केली. येथे दमटपणा आणि वाळवी दोन्ही आहेत. सिलिंडर भिंतीबाहेर जाळीच्या कोनाड्यात गेला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून कोनाड्याला तळाशीही झरोका ठेवला.

एकाच गोष्टीवर आमचे जमले नाही. मला चूल काढायची होती, सासूबाईंना ठेवायची होती. तडा त्याच भिंतीत होता. चूल राखून भिंत बांधता येणार नाही, असे गवंड्याने निक्षून सांगितले. चूल मोडली त्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत परतल्या नाहीत.

त्यांचा हट्ट निव्वळ आठवणींचा नव्हता, हे मला नंतर उमगले. आमच्याकडे सार कथलाच्या भांड्यात करतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते; भांड्यात पाणी असेतो ते टिकते, कोरडे पडले की संपले. काम चालू असताना तात्पुरत्या शेगडीच्या मोठ्या जाळावर मी ते भांडे ठेवले आणि फोनवर बोलत राहिले. परत येऊन पाहते तो भांड्याचा बूड वितळून शेगडीवर चंदेरी थेंब पसरलेले! आजेसासूबाईंचे भांडे होते ते. सासूबाई रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, "वैलावर असते तर गेले नसते."

म्हणून नव्या शेगडीला तीन बर्नर घेतले आणि सर्वांत लहान बर्नर कट्ट्याच्या बाजूला येईल अशी ती बसवली, म्हणजे बसल्या जागेवरून त्यांची नजर राहील. घरात सगळे त्या बर्नरला वैलच म्हणतात. माझी धाकटी मुलगीही म्हणते. तिने चूल कशी होती ते आता विसरून टाकले असेल.

चैत्रात काम पुरे झाले. नव्या जागेत प्रथम दूध उतू घालतात, तसे आम्हीही घातले. सासूबाई कट्ट्यावर बसल्या, विळी पुढ्यात घेतली, एक काकडी चोचवली आणि कोशिंबीर केली. शेजारच्या तमिळ बाई तिलाच 'कोसुमल्ली' म्हणत आवडीने खाऊन गेल्या. सर्व पाहुणे गेल्यावर मी त्यांना विचारले, "आई, ठीक झाले ना सगळे?"

त्यांनी वर पाहिले. कॉफीचा फिल्टर ठेवायची फळी त्यांच्या हातापासून चार बोटे वर होती. बसून हात पुरत नव्हता.

"गवंड्याला उद्या बोलाव," त्या म्हणाल्या.